वझ्झरचे बालगृह : एका आजन्म घराचा इतिहास

परतवाड्याहून सातपुड्याच्या रोखाने निघाले, की कपाशी-तुरीची काळी, सपाट जमीन मागे पडू लागते आणि मेळघाटच्या पहिल्या टेकड्या समोर उभ्या राहतात. या टेकड्यांच्या पायथ्याशी, सापन नदीवरील धरणाच्या सान्निध्यात, अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यात वझ्झर हे लहानसे गाव वसलेले आहे. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. इमादशाहीच्या अमदानीत वऱ्हाडच्या कारभाराची सूत्रे जेथून हलत होती, त्या शहराच्या परिसरात इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या खुणांची वाण पडत नाही. परंतु गेल्या तीन दशकांत या मुलखाच्या इतिहासाला जे प्रकरण नव्याने जोडले गेले, ते राजवटींचे नाही. रेल्वेच्या फलाटांवर, बसस्थानकांच्या आडोशाला आणि प्रसंगी उकिरड्यावर टाकून दिलेली, त्यातही मतिमंद, मूकबधिर, अंध वा बहुविकलांग असलेली मुले जेथे आणून पोहोचविली गेली आणि वयाची मुदत भरली म्हणून जेथून त्यांना कोणी बाहेर काढले नाही, अशा एका घराचे ते प्रकरण आहे. त्याचा वृत्तान्त या स्मरणिकेत यथामति नोंदवावयाचा आहे.

या बालगृहाला नाव दिले आहे ते अंबादासपंत वैद्य यांचे. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीस जी व्यायामशाळा काढली, तिचाच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने वटवृक्ष झाला, आणि याच मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे करून दाखविली, हे वऱ्हाडातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ज्या संस्थेचा सारा व्याप बलोपासनेचा, मल्लखांबाचा आणि घाटदार शरीराचा, तिच्या आद्य प्रवर्तकाचे नाव ज्यांना हात सरळ करता येत नाही, मान सावरता येत नाही, अशा मुलांच्या घरास लाभावे, यात मला औचित्यच दिसते. कारण बलाची उपासना करणाऱ्यांनी दुर्बलांस छत्र द्यावे ही आपल्याकडील आखाड्यांची जुनी रीत आहे, आणि अमरावतीने ती येथे पाळली.

तथापि या घराचे खरे मूळ शोधावयाचे, तर व्यायामशाळेच्याही पलीकडे, गाडगेबाबांपर्यंत जावे लागते. 23 फेब्रुवारी 1876 रोजी याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात जन्मलेला हा पुरुष हातात खराटा आणि मडक्याचे खापर घेऊन महाराष्ट्रभर हिंडला. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथील यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना त्याने अन्न व वस्त्र दिले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांपैकी एकीतही स्वतःकरिता खोली ठेवली नाही. त्यांच्या नावाने जी दशसूत्री आज शासकीय कार्यालयांच्या भिंतींवरही लावलेली आढळते, तीत बेघरांना आसरा आहे, अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार आहे, गरीब तरुण-तरुणींचे लग्न आहे आणि दुःखी-निराशांना हिंमत आहे. वझ्झरच्या बालगृहाचा इतिहास लिहू बसणाऱ्यास असे जाणवते, की पुष्कळांनी जी सूत्रे भिंतीवर वाचली, ती येथे एका माणसाने आपल्या आयुष्याच्या रोजकीर्दीत उतरविली.

तो माणूस म्हणजे शंकरबाबा पुंडलिकराव पापळकर. परीट समाजातला जन्म, गाडगेबाबांच्या विचारांचा लहानपणापासूनचा संस्कार, पुढे पत्रकारितेचा व्यवसाय आणि ‘देवकीनंदन गोपाला’ या नावाचे नियतकालिक, इतके त्यांचे पूर्वायुष्य सांगितले म्हणजे पुरे. वृत्तपत्राच्या धंद्यात बेवारस अर्भक सापडल्याची चार ओळींची बातमी नित्याची असते; ती छापली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिची जागा दुसरी बातमी घेते. त्या अर्भकाचे पुढे काय होते, या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याची कुणास जरुरी भासत नाही. शंकरबाबांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी लेखणी बाजूस ठेवून वझ्झरच्या त्या उजाड टेकडीवर बालगृह उभे केले, ते याच न विचारलेल्या प्रश्नाच्या पाठीमागे जाऊन, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मूल या घरापर्यंत पोहोचते कसे, हे सर्वसाधारण दात्यास ठाऊक नसते, म्हणून त्याचा क्रम येथे सांगणे अगत्याचे वाटते. फलाटावर वा झुडपात मूल आढळले, की पोलीस ठाण्यात नोंद होते, पंचनामा होतो, आणि बारा वर्षांखालील अपत्य टाकून देणे हा भारतीय दंडसंहितेच्या 317 व्या कलमान्वये सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा असल्यामुळे अज्ञात आईबापांविरुद्ध फिर्यादही दाखल होत असे. मग इस्पितळातील तपासणी, आणि त्यानंतर बालकास बालकल्याण समितीसमोर हजर करणे. 2000 सालच्या कायद्यापूर्वी हेच काम बालकल्याण मंडळ करीत असे. वर्तमानपत्रांतून जाहिरात दिली जाते, मुदत ठरते, त्या मुदतीत कोणी वारस पुढे आला नाही, की मूल दत्तकास मोकळे झाल्याचे जाहीर होते. अव्यंग अर्भकाच्या बाबतीत ही प्रक्रिया येथे सुखान्त होते. त्याला आईबाप मिळतात. परंतु जे मूल ऐकत नाही, ज्याची बुद्धी वयाबरोबर वाढत नाही, ज्याला झटके येतात, त्याच्या फाइलीवरून दत्तकेच्छू दांपत्यांची दृष्टी सहसा पुढे सरकते. अशी मुले एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत हुकमानिशी फिरत राहतात. मुंबई, पुणे, नागपूर, जळगाव अशा दूरदूरच्या ठिकाणांहून जी मुले वझ्झरला आली, त्यांतील अनेकांच्या पाठीशी असाच प्रवास होता. काहींना आपले नाव सांगता येत नव्हते, आणि काहींना नावच नव्हते.

येथे शंकरबाबांनी जे केले, ते या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोठे कृत्य होय, असे माझे मत आहे. शाळेचा दाखला, शिधापत्रिका, पुढे मतदार ओळखपत्र आणि आधारपत्र, या साऱ्या कागदांवर वडिलांच्या नावाचा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवला, तर कारकून अर्ज परत करतो. त्यात ‘अज्ञात’ असे लिहिले, तर तो शब्द त्या मुलाच्या पाठीस जन्मभर चिकटतो. शंकरबाबांनी त्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. एकदोन लाडक्या मुलांच्या बाबतीत नव्हे, तर ओळीने सर्वांच्या. आणि अशा रीतीने 123 मुलांचे आडनाव पापळकर झाले. मोठमोठ्या देणग्या देणारे दाते महाराष्ट्रात पुष्कळ होऊन गेले आहेत आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण धन देणे आणि आपले नाव, कुळ व वारसा देणे, यांत फार अंतर आहे. आपल्या समाजात जेथे आडनावावरून जात, जातीवरून सोयरीक आणि सोयरिकीवरून माणसाची किंमत ठरते, तेथे तर हे अंतर अधिकच मोठे.

आता कायद्याचा प्रश्न. बालगृहाची स्थापना झाली त्या काळी 1986 चा बाल न्याय अधिनियम अमलात होता, आणि त्यानुसार मुलाचे बालपण सोळाव्या वर्षी व मुलीचे अठराव्या वर्षी संपत असे; 2000 च्या कायद्याने दोघांसाठी अठरा वर्षांची एकच हद्द ठरविली, आणि 2015 च्या कायद्याने ती कायम राखली. अठरा पूर्ण झाली, की मूल बालगृहातून बाहेर पडावे, हा त्याचा सरळ परिणाम. अनुरक्षणगृहाची म्हणजे पुढील काही वर्षांच्या आधाराची तरतूद कायद्यात आहे. पण ती साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि तीही मुलगा वा मुलगी हाताला काम मिळवून स्वतःच्या पायावर उभी राहील या गृहीतावर आधारलेली. धडधाकट अनाथास हे गृहीत लागू पडते, नव्हे, त्याच्या स्वाभिमानास ते पोषकही ठरते. परंतु जिला वेणी घालता येत नाही, जिला पैशाची ओळख नाही, जिला कोणी हात धरून नेले तर ती कोठेही जाईल, अशा अठरा वर्षे एक दिवस वयाच्या मुलीने दाराबाहेर पडून कोठे जावे? फलाटावरून उचललेल्या मुलीस पुन्हा फलाटाकडेच वाट दाखविणारी ही मुदत आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू क्रूर होता असे मी म्हणत नाही, परंतु आपल्या शब्दांचा परिणाम कोणावर होणार, याचा विचार त्यांनी पुरा केला नाही, हे म्हणणे भाग आहे.

1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने या बाबतीत काहीसा उजेड पाडला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीस सज्ञान झाल्यावरही पालक नेमता येतो, आणि ती नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांच्या अंतर्भावाने बनलेली स्थानिक समिती करते, ही तजवीज त्यात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसपर्यंत वाढविले, आरक्षण चार टक्क्यांवर नेले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु पालकत्वाचा कागद मिळाला म्हणून राहावयास घर मिळत नाही. आणि बालगृहाच्या नियमात अठरा वर्षांचा अंक होता तो तसाच राहिला. वझ्झरने मात्र आपल्या लेकरांना घराबाहेर काढले नाही. येथे आलेले मूल मोठे होते, प्रौढ होते, आणि घरातच राहते. मुलीचे लग्न झाले तरी माहेर म्हणून हे घर असते. सज्ञान दिव्यांग बेवारसांना तहहयात संस्थेत राहण्याचा हक्क देणारा कायदा व्हावा, ही मागणी शंकरबाबा वर्षानुवर्षे प्रत्येक व्यासपीठावरून, प्रत्येक मंत्र्यासमोर मांडीत आले आहेत, आणि ‘वझ्झर मॉडेल’ या नावाने आज ओळखली जाणारी योजना ती हीच.

अशा घराचा नित्यक्रम बाहेरच्यास सहसा दिसत नाही, कारण पाहुणे येतात ते दुपारी, मुले नटून बसलेली असताना. मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या एका मुलास जेवू घालणे म्हणजे काय, हे पाहावयाचे तर भल्या सकाळी यावे. वरण-भात इतका कुस्करावा लागतो की दाणा उरू नये. मुलाला आडवे ठेवून भरविले तर घास श्वासनलिकेत जाण्याचे भय, म्हणून एका हाताने त्याची मान किंचित पुढे झुकवून धरावयाची, दुसऱ्या हाताने चमचा जिभेच्या मध्यावर ठेवावयाचा, आणि तो घास गिळला जाईपर्यंत, गळ्याकडे लक्ष ठेवून, थांबावयाचे. अर्धा घास बाहेर येतो; तो पुसून पुन्हा द्यावयाचा. एका मुलाच्या एका जेवणास अर्धा तास सहज लागतो. अंथरुणे ओली होतात, ती धुवावी लागतात, आणि सातपुड्याच्या पावसाळ्यात ती वाळत नाहीत. अपस्माराच्या गोळ्या ठरल्या वेळी गेल्याच पाहिजेत. एक दिवस त्या संपल्या, तर झटका येतो, आणि झटक्यात मूल पडले तर डोके फुटते. निजून राहणाऱ्या मुलास दर दोन तासांनी कुशीवर वळविले नाही, तर पाठीस जखमा होतात. या कामाला सुट्टीचा वार नाही.

याच मुलांच्या हातांनी त्या उजाड टेकडीवर झाडे लावली गेली, हे सांगितले तर ऐकणाऱ्यास प्रथम खरे वाटत नाही. कुणी खड्डा करावयाचा, कुणी बादली उचलावयाची. ज्याला ऐकू येत नाही त्याने ज्याला दिसत नाही त्याचा हात धरून रोपापर्यंत न्यावयाचे. आज त्या माळावर हजारोंनी झाडे उभी आहेत. दिव्यांगांचे पुनर्वसन या विषयावर जे जाडजूड अहवाल निघतात, त्यांतील पुष्कळशा प्रकरणांपेक्षा ही झाडे मला अधिक बोलकी वाटतात.

विवाहांचे प्रकरणही असेच विलक्षण आहे. शंकरबाबांनी आपल्या अनेक मुलामुलींचे विवाह लावून दिले; आणि ते गुपचूप, संस्थेच्या आवारात उरकून न टाकता, हळदीपासून पाठवणीपर्यंत, चारचौघांच्या घरी होतात तसे, थाटाने. डिसेंबर 2020 मध्ये नागपूर येथे अशाच एका विवाहात तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सपत्नीक कन्यादान केले, आणि नागपूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे वरपिता म्हणून उभे राहिले. वधू मूकबधिर, लहानपणी नागपूरच्या रेल्वे-स्थानकावर सापडलेली. वर मूकबधिर, दोन वर्षांचा असताना डोंबिवलीस सापडलेला. ज्या राज्ययंत्रणेने एकेकाळी या दोघांची नोंद बेवारस म्हणून घेतली, तिचेच प्रमुख अधिकारी वधूवरांचे आईबाप होऊन अक्षता टाकण्यास उभे राहिले, हा प्रसंग केवळ वृत्तपत्रीय छायाचित्रापुरता मानू नये. दानधर्माचा एक प्रकार असाही आहे, की ज्यात पैसा गौण आणि प्रतिष्ठा मुख्य असते. आणि या मुलांना पैशाइतकीच प्रतिष्ठेचीही उणीव होती.

2024 साली या घरातील एका दृष्टिहीन कन्येने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली. अर्भकावस्थेत ती जळगावच्या रेल्वे-स्थानकाच्या परिसरात टाकलेली आढळली होती; तेथून पोलिसांकरवी ती वझ्झरला आली, ब्रेल लिपी शिकली, अमरावतीस पदवीधर झाली, आणि मग स्पर्धा-परीक्षेच्या मागे लागली. तिच्या यशाची वार्ता सर्वत्र झळकली व ती योग्यच होती. मात्र मला येथे एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. या यशाने हुरळून जाऊन, बालगृहास द्यावयाची मदत अशा हुशार मुलांसाठीच राखून ठेवावी, असा विचार काही सुजाण दात्यांच्या मनात येतो. ज्या मुलीचे नाव कधीही कोणत्याही यादीत येणार नाही, जिची सारी प्रगती म्हणजे यंदा तिने स्वतः पेला धरला एवढीच, तिचाही त्या मदतीवर तितकाच अधिकार आहे. किंबहुना तिचा अधिकार अधिक, कारण तिला दुसरे कोणी देणारे नाही.

दानाच्या रीतीविषयी आता चार शब्द स्पष्टपणे लिहितो. वाढदिवस, वर्षश्राद्ध, मुलाची नोकरी लागणे, अशा निमित्ताने बालगृहात एक दिवसाची पंगत देण्याची चाल सर्वत्र आहे. भाव चांगला असतो, मुलेही हरखतात. पण सणावारी एकाच दिवशी तीन घरांची जिलबी येते, आणि पुढच्या आठवड्यात अपस्माराच्या गोळ्यांचे बिल थकलेले असते, हा अनुभव अशा संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाचा आहे. जुने कपडे येतात ते पेटीच्या तळाशी राहून विटलेले. आणि मोठ्या वयाच्या मुलांसाठी लागणारे डायपर, जलरोधक चादरी, शरीराच्या मापाने बनविलेली चाकाची खुर्ची, यांची आठवण क्वचितच कोणास होते. मुलास मांडीवर घेऊन छायाचित्र काढण्याची हौस तर आवर्जून टाळावी. आपल्या घरातील आजारी लेकराचे छायाचित्र आपण परक्यास काढू देत नाही. सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे तो सेवकवर्गाच्या वेतनाचा. इमारतीवर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसते, पण रात्री बारा वाजता मुलाला कुशीवर वळविणाऱ्या बाईच्या पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणून त्या पगारासाठी देणगी मागितली, की दाते गप्प होतात. जमाखर्चाची वही उघडून पाहणाऱ्या कोणासही हे समजून येईल, की अशा घरांना एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ठरल्या तारखेला येणारी लहान रक्कम अधिक तारते.

शासनाने 2024 साली शंकरबाबांना पद्मश्री देऊन गौरविले. वयाची ऐंशी वर्षे उलटलेल्या त्या वृद्धाने या सन्मानाच्या वेळीही आपली जुनीच मागणी पुढे केली, कारण त्यांच्या पश्चात या लेकरांचे काय, हा प्रश्न त्या पदकाने सुटणारा नव्हता. वझ्झरचे हे घर आजवर एका व्यक्तीच्या पितृत्वावर उभे राहिले आहे, आणि पिता अमर नसतो. पुढील काळात हे घर टिकावयाचे, तर ज्याच्या केवळ व्याजावर औषधे व वेतने भागतील असा कायम निधी उभारला पाहिजे, आणि अठरा वर्षांची मुदत अशा मुलांपुरती रद्द करणारा कायदा झाला पाहिजे. पहिले काम वाचकांच्या हाती आहे. दुसरे त्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या. तेव्हा ही स्मरणिका हातावेगळी करण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने आपल्या ऐपतीप्रमाणे दरमहाची एक रक्कम ठरवावी, आणि आपल्या आमदार-खासदारांस या कायद्याविषयी एक पत्र अवश्य लिहावे, ही कळकळीची विनंती.